दाराबाहेर उभ्या खिल्लारे मॅडम

पेशीला निरोप कसा पोचतो, हा धडा आला की खिल्लारे मॅडम वर्गात यायच्याच नाहीत. मुलं बसलेली, फळा कोरा, आणि मॅडम दार लोटून घेऊन बाहेर व्हरांड्यात उभ्या. तिथून त्या दारावर एकदाच ठोकायच्या. दाराशी बसलेल्या मुलीला आधीच सांगून ठेवलेलं असायचं, की ठोका ऐकला की शेजारच्या दोघींना टोचायचं, त्यांनी पुढच्या दोघीदोघींना. असं होता होता शेवटच्या बाकावरची पोरं उठायची आणि धडाधड खिडक्या उघडायची. मग बाहेरून आवाज यायचा, "मी आत आले का?"

"न्हाई मॅडम."

"मंग खिडक्या कोणी उघडल्या? ठोकलं मी दार, उघडली खिडकी. मधी माझ्या ठोक्याचं काय काय झालं ते बराबर सांगा, अन् मंगच मला आत घ्या."

जवळा बाजारच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. आमच्या वर्गांमधली भिंत एकच होती, त्यामुळे माझी कविता रंगात आली की पलीकडे खिडक्या आपटायच्या. मी तक्रार केली तर त्यांनी मलाच शिकवलं. "मराठी, तुमच्या कवितेचं बी हेच हाय. कवी काय पोराच्या डोक्यात शिरून राहिला का? तो बाहेरच. आतलं सगळं पोरगं आपलं आपण करतं." त्या मला नावानं कधी हाक मारत नसत, विषयाच्या नावानंच मारत. मलाही त्याची सवय होऊन गेली होती.

शिकवणं त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की कॉलेज सुटलं तरी ते सुटत नसे. एकदा आम्ही शिरड शहापूरकडून जीपमधून येत होतो. समोर अचानक म्हैस आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सगळे देवाचं नाव घेत होते आणि मॅडम माझी नाडी धरून बसल्या. "बघा मराठी, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीनं रक्तात निरोप सोडला. हृदयाच्या पेशीनं ऐकलं, पळ. आतड्याच्या पेशीनं ऐकलं, थांब. निरोप एकच, पर ज्यानं त्यानं आपल्या परीनं घेतला." मला तेव्हा नाडीपेक्षा जिवाची काळजी होती. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

पेशीच्या धड्याचा दुसरा दिवस तर आणखी गमतीचा असे. त्या दिवशी मॅडम एकदा ठोकून थांबायच्या नाहीत, टकटक टकटक चालूच ठेवायच्या. दाराशी बसलेली मुलगी सुरुवातीला इमानानं टोचत राहायची. मग वैतागायची, कान झाकायची आणि शेवटी दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसायची. मॅडम तेवढ्याचीच वाट बघत असायच्या. "पेशी बी असंच करती लेकरांनो. एकच निरोप सारखा आदळून राहिला की ती दारावरचा ऐकणाराच आत ओढून घेती. मंग किती बी ठोका. जरा गप बसा, त्याला दम खाऊ द्या. तो परत येऊन बसतो दारात."

हे सगळं त्यांच्या मुलानंही त्याच वर्गात बसून ऐकलं होतं. सुमेध त्यांचा एकुलता एक. नवरा लवकर गेला, त्यामुळे बाईंचं सगळं जग या पोरात सामावलेलं. बारावीनंतर तो डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या तयारीला नांदेडला वसतिगृहात राहिला, तेव्हापासून त्यांचा फोन सुरू झाला. सकाळी उठला का, दुपारी जेवला का, रात्री काय वाचलं. आम्ही सगळे स्टाफरूममध्ये ते ऐकत असू. मी चिडवायची, "मॅडम, दाराशी कोणी राहिलं आहे का बघा जरा." त्या हसून पुन्हा नंबर लावायच्या.

प्रवेश काही मिळाला नाही. सुमेध पुण्याला जाऊन एका कंपनीत लागला. फोन चालूच राहिले, फक्त आता तो ते उचलेनासा झाला. एक दिवस उचलला आणि म्हणाला, "आई, मीच करीन फोन. तू करत नको जाऊ." बाईंचा चेहरा त्या दिवशी पार उतरून गेला होता. हातातला डबा त्यांनी तसाच बंद करून ठेवला.

पण चार दिवसांनी आल्या त्या मोठं काही सापडल्यासारख्या. "मराठी, मी काहून एवढी येडी झाले? पोरांना शिकवून राहिले अन् घरी मीच दार बडवून राहिले. आता गप बसायचं. त्याला त्याचा दम खाऊ द्यायचा. त्याचाच फोन येईपर्यंत मी करणार न्हाई."

"एखादा मेसेज तरी टाका," मी म्हणाले.

"न्हाई. मधीच ठोकलं की सगळं पयल्यापासून."

मला ते पटलं नव्हतं. माणसाच्या पोराला पेशीचा नियम लावायचा म्हणजे काय? पण त्यांच्या विषयात मी काय बोलणार होते. त्यांनी खरंच मन घट्ट केलं. जी बाई वर्गात मुलांचे फोन जप्त करायची, ती आता स्वतःचा फोन आवाज पूर्ण वाढवून टेबलावर ठेवायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला सुमेध दरवर्षी यायचा, त्या वर्षी आला नाही. बाईंनी पांढरी साडी नेसून मिरवणूक बघितली, लोकांना पाणी वाटलं आणि मला म्हणाल्या, "येळ लागतो. पेशी दारावरचा नवा ऐकणारा, नवा ग्राही, बनवायला बी येळ घेती." फोन त्यांच्या मुठीत होता. मला तेव्हा त्यांची फार कीव आली, आणि रागही आला.

पावसाळ्याच्या तोंडावर, कॉलेजला निघताना, त्या घराच्या ओट्यावरच कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नांदेडला नेईपर्यंत सगळं संपलं. सुमेधला कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी बाईंच्याच फोनवरून नंबर लावला. पहिल्या घंटीलाच त्यानं उचलला आणि माझा आवाज ऐकायच्या आत म्हणाला, "आई, बोल ना." त्यानंतर मी त्याला जे सांगितलं, ते सांगण्याची पाळी कुणावर न येवो.

बाईंच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाल्यावर लोक पांगले. सुमेध माझ्याजवळ येऊन बसला. "मावशी, आई माझ्यावर एवढी काहून रुसली होती? मी रागात बोललो, व्हय. पर तिनं खरंच बंद केला फोन. मला वाटलं, मी डॉक्टर न्हाई झालो म्हणून तिनं मला सोडून दिलं. मी रोज म्हणायचो, आज तिचा येईल. कोणत्या तोंडानं मी करू?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्या रुसल्या नव्हत्या, त्याला मोकळं सोडून वाट बघत होत्या, फोन टेबलावर ठेवून शिकवत होत्या. धडा त्याला माहीतच होता, त्यामुळे फार समजावून सांगावं लागलं नाही. मॅडमचं शिकवणं कधी चुकलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते. ते आता मला सांगता येत नाही.

"मावशी," तो म्हणाला, "पेशीला इचारता येत न्हाई. मला आई इचारू शकली असती."