टाकीवरची सुई

सुपडूच्या मोटरसायकलच्या टाकीवरून एक पितळी सुई मी काढली आणि खिशात घातली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. लष्करी चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, सांगितलं नाही, घरी बायकोला सांगितलं नाही, आणि यावलकडे सुपडूच्या घरी ओट्यावर बसून त्यांच्या हातचं पाणी प्यालो तेव्हाही सांगितलं नाही. आता सांगतो. सरळ सांगता येईल की नाही ते माहीत नाही, कारण माझ्याच डोक्यात ते अजून सरळ झालेलं नाही.

१९५४ च्या हिवाळ्यात आमचं सिग्नल सेक्शन एका स्कीमसाठी, म्हणजे युद्धसरावासाठी, धुळ्याबाहेर आग्रा रोडलगत तंबूत होतं. मी व्हेइकल मेकॅनिक. जळगावात वडील स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायचे, त्यामुळे डाग देणं, पत्रा कापणं मला लहानपणापासून येत होतं. सेक्शनमध्ये मला सगळे मिस्तरी म्हणत. लान्स नाईक सुपडू आमचा डीआर होता, म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेसवर पाठवायचे नाहीत असे कागद कातडी पिशवीत घालून मोटरसायकलवरून पोचवायचे, हे त्याचं काम. तो यावल तालुक्यातला, केळी पिकवणाऱ्या घरचा. मीही खानदेशी, म्हणून दोघांची गट्टी जमली.

सकाळी सहाला पीटी, मग चहा, आठला गाड्यांवर फॉल-इन. शनिवारी मेंटेनन्स परेड. तेल बघायचं, चेन बघायची, नट-बोल्ट आवळायचे. दिवस सारखेच जात.

एका शनिवारी सुपडू माझ्या तंबूत आला आणि बूट काढून बसला. म्हणाला, टोच. मला कळेना. त्यानं माझ्याच हत्यारांतला टोच्या उचलून उजव्या पायाच्या अंगठ्यावर टोचला. रक्ताचा ठिपका आला. तो माझ्याकडे बघत होता, पायाकडे नाही. काश्मीरच्या बर्फात त्याची बोटं वाचली होती, पण स्पर्श गेला होता, आणि तो पुढे कधी परत आला नव्हता. आमच्या गाड्यांचा गिअर उजव्या पायानं बदलायचा. पहिला वर, बाकीचे खाली, पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल. पायाला न कळता तो अंदाजानं गाडी हाकत होता.

मी म्हटलं, एमओकडे जा, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, एमओ मेडिकल कॅटेगरी खाली आणेल आणि मग स्टोअरमध्ये घोंगड्या मोजत बसावं लागेल, नाहीतर घरी. घरी त्याचा थोरला भाऊ, नाना होता. सुपडू भरती झाला तेव्हा नाना म्हणाला होता, सहा महिन्यांत पाय घासत परत येशील. सुपडू मला म्हणाला, "मी खरंच पाय घासत गेलो तर नाना जन्मभर हसंल, भो. मले एवढं नको." मग हळूच म्हणाला, "तू मिस्तरी आहेस ना? मग कोनता गिअर आहे ते मले दिसंल असं काहीतरी कर."

करायला नको होतं. पण मला ते काम म्हणून आवडलं, हेही खरं आहे.

गिअरचं पॅडल दाबलं की परत जागेवर येतं, त्यामुळे पॅडलकडे पाहून काही कळत नाही. पण गिअरबॉक्सच्या आत एक आस असते, ती प्रत्येक गिअरला थोडी फिरते आणि तिथेच थांबते. झाकणाला भोक पाडून मी त्या आसेच्या टोकाला एक छोटी पितळी पट्टी डाग दिली. पट्टीला सायकलच्या ब्रेकची तार नटानं अडकवली, ती फ्रेमच्या कडेनं वर टाकीपर्यंत नेली. टाकीवर बूटपॉलिशच्या डबीचं झाकण, त्यावर पितळी सुई, सुईला मागे ओढणारी लहानशी स्प्रिंग. झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहिलं: १, न्यू, २, ३, ४. तार ताणली जायची, म्हणून दर शनिवारी मागचं चाक फिरवत सगळे गिअर एकदा टाकून सुई पुन्हा जुळवावी लागे. शेवटी नट आवळायचा. तो ढिला राहिला तर तार सरकणार आणि सुई आहे तिथेच अडकून बसणार.

पहिल्या दिवशी सुपडू मैदानाला चार चकरा मारून आला. "मिस्तरी, माह्या पायाले डोळा फुटला," म्हणाला. त्या दिवशी त्यानं लंगरातला आपला गुळाचा खडा मला दिला. हवालदारानं विचारलं, टाकीवर हे काय? सुपडूनं गंभीर तोंडानं सांगितलं, पेट्रोल किती उरलं ते समजतं. हवालदार म्हणाला, मग सगळ्या गाड्यांना बसवा. आठवडाभर आम्ही त्याला चुकवत फिरलो.

गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर शिक्षा होती. म्हणून इन्स्पेक्शन असलं की मी तार सोडून झाकण काढून ठेवायचो आणि साहेब गेले की पुन्हा बसवायचो. दोनदा असं केलं. तिसऱ्या वेळी कर्नलसाहेब सकाळी आले, गाड्यांची रांग पाहिली आणि पुढे गेले. मी झाकण बसवायला घेतलं, तेवढ्यात ऑफिस तंबूतून हाक आली. लळिंगच्या घाटापलीकडे आमची तुकडी होती, तिला तातडीचा लिफाफा. सुपडू पिशवी अडकवून शेजारी उभा राहिला. मी म्हटलं, थांब, सगळे गिअर टाकून बघू दे. तो म्हणाला, "बसव रे. साहेब इकडंच पाहू रायला."

मी बसवलं. तार जोडल्याचं आठवतं. सुई जुळवल्याचं आठवतं. नट आवळला की नाही, ते आठवत नाही. पाना हातात होता, एवढं दिसतं. पाना कशावर होता ते दिसत नाही.

लिफाफा पोचल्याची खबर वायरलेस सेटवरून आली. दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा सेट वाजला, घाटापलीकडची तुकडी विचारत होती. मी तंबूच्या दाराशीच होतो.

"तुमचा डीआर परत पोचला का? ओव्हर."

"नाही पोचला. कधी निघाला? ओव्हर."

"जेवून लगेच. ओव्हर."

ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं. सुभेदारसाहेबांनी ट्रक काढायला सांगितला. मी न विचारता मागे चढलो.

घाटाच्या उतारावर, वळणाशी कपाशीची बैलगाडी आडवी उभी होती. बैल सोडलेले. मोटरसायकल कडेच्या दगडी कठड्याला लागली होती. सुपडू कठड्याच्या पलीकडे होता. जीव नव्हता. सुभेदारसाहेब त्याच्याकडे उतरले. मी आधी गाडीकडे गेलो. आधी गाडीकडे का गेलो, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

सुई दोनवर होती. मी मागचं चाक ढकललं. ते मोकळं फिरलं. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये होता.

मग मी झाकण आणि सुई काढून खिशात घातली, तार ओढून नाल्यात टाकली, गिअरबॉक्सच्या झाकणाचं भोक ग्रीसनं बुजवलं. तेव्हा मी काही विचार केला नव्हता. हात आपोआप इन्स्पेक्शनच्या सवयीनं चालले.

थोड्या वेळानं कॅप्टनसाहेब जीपनं आले. ते दक्षिणेकडचे, इकडची बोली त्यांना समजत नव्हती. गाडीवान लळिंगजवळचा म्हातारा, बैलांजवळ बसला होता. साहेबांनी मला विचारायला सांगितलं, काय पाहिलं. म्हातारा म्हणाला, "त्यानी मान खाले व्हती. टाकीकडे देखे. मी वरडनू, तवय त्यानी वर देखं."

म्हणजे त्याची मान खाली होती, तो टाकीकडे बघत होता, म्हातारा ओरडला तेव्हा त्यानं वर पाहिलं. साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतो हा? मी म्हणालो, साब, गाडी जोरात आली म्हणतो.

एवढंच म्हणालो.

डीआर लोक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत. पेट्रोल वाचे, आणि वारा लागे. पण न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला आवरत नाही, म्हणून त्याविरुद्ध स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कायमचा हुकूम होता. कोर्ट ऑफ इन्क्वायरीला गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये सापडला आणि निष्कर्ष सोपा झाला. ऑर्डर मोडून उतारावर गाडी मोकळी सोडली, चूक चालकाची. मला विचारलं, गाडीत काही दोष होता? मी म्हणालो, नो सर.

सुपडूची पेटी घेऊन मला यावलकडे पाठवलं. नाना ओट्यावर बसला होता. पेटी उघडली नाही. म्हणाला, "खरं सांग मले. गाडी मोकळी सोडली होती त्यानं?"

मी म्हणालो, "साहेबांनी तसंच लिहिलंय, नाना."

"लहानपनापासून तसाच," नाना म्हणाला. "उतार दिसला का पाय सोडे." आत त्यांची बहीण, अक्का, रडत होती. नानानं तिला गप्प केलं. ज्यानं स्वतःच्या चुकीनं जीव घालवला त्याच्यासाठी किती रडायचं, असं काहीसं तो बोलला. मला नीट ऐकू आलं नाही, किंवा मी ऐकलं नाही.

नोकरी संपल्यावर मी जळगावात गॅरेज टाकलं. भंगारात तसल्याच जातीची एक गाडी मिळाली तेव्हा मी तसंच झाकण, तशीच तार, तीच सुई बसवली. नट ढिला ठेवून गिअर बदलले. कधी सुई दोनवरच अडकून राहिली, कधी बरोबर सरकली. नट आवळून गाडी आडवी पाडली. कधी सुई हलली नाही, कधी धक्क्यानं दोनवर गेली. आणि पडताना बुटाचा धक्का पॅडलला लागला की गिअर आपणहून न्यूट्रलला येतो, तेही एकदा झालं. म्हणजे सुपडूला सुईनं फसवलं असेल. किंवा मान खाली घालून तो सुई बघत बसला, तेवढंच पुरलं असेल. किंवा तो नाना म्हणाला तसा खरोखर उतारावर गाडी मोकळी सोडून वारा खात येत असेल. घाटात सुई गाडीवर राहिली असती, तार जागेवर राहिली असती, तर एखाद्या शहाण्या माणसानं ती बघून सांगितलं असतं. मी ती काढली, म्हणून आता कोणीच सांगू शकत नाही, आणि मीही नाही.

एक मात्र मला पक्कं माहीत आहे. त्याचा पाय मेला होता, आणि ते मला माहीत होतं. एमओपासून ते लपवायला मी डोळा करून दिला. ऑर्डर मोडणाऱ्या माणसाची ती चूक नव्हती. ती आम्हा दोघांची होती, आणि ती लिहिली गेली एकट्याच्या नावावर.

सुपडूला धुळ्यातच नदीकाठी अग्नी दिला. त्याला गुळाचा खडा दाढेत धरून चहा प्यायची सवय होती. तो गाणी चुकीची म्हणायचा. त्याची गाडी कधीही घाणेरडी दिसली नाही. त्याला पाय घासत घरी जायचं नव्हतं, आणि तो गेला नाही.

नाना आता थकला आहे, पण आहे. अक्काही आहे. जळगावाहून यावलला रोज गाड्या जातात. सुई माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती त्यांच्या ओट्यावर ठेवून, त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर, म्हणजे मला ठाऊक नाही, असं नानाला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.