त्याचा उजवा, माझा उजवा

अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा लग्नाचा विचार करतेय, हे शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमना कळलं आणि त्यांनी मला स्टाफरूममध्ये कोपऱ्यात घेतलं. दिवसभर चेहरे सरकवत बसायची ॲप म्हणजे जत्रा, त्यात आपण पडू नये, असं त्यांचं म्हणणं. आता मोजकीच माणसं दाखवणारी, विचारपूर्वक जोडणारी ॲप निघाली आहेत. ‘विचारपूर्वक’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू बाकीच्या जगाने आजवर लग्नं शिंका देता देता केली.

त्यांनी तीन नावं लिहून दिली. मी शहाण्यासारखी तिन्ही उघडून पाहिली. पहिल्याने माणूस दाखवण्याआधी ढीगभर प्रश्न विचारले. भांडण झाल्यावर तुम्ही गप्प बसता की चालायला बाहेर पडता? रत्नागिरीत मी भांडून बाहेर पडले तर दुसऱ्या वळणावर कुणीतरी विचारणार, बाई, आज एवढ्या लवकर कुठे? दुसऱ्यात एका वेळी एकाशीच बोलायचं आणि सोडून जाताना सभ्य शब्दांत निरोप लिहायचा. असा निरोप मला लग्नाच्या नवऱ्यानेसुद्धा लिहिला नव्हता. तिसरं रोज दुपारी बाराला एकच पुरुष दाखवायचं. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत ठरवा, उजवीकडे सारलं तर हो, डावीकडे सारलं तर नाही, आणि निर्णय कायमचा. मी हे तिसरं घेतलं. फार विचार करून नव्हे, यात सगळ्यात कमी लिहायचं होतं म्हणून.

अंतर पन्नास किलोमीटर ठेवलं. आपण मध्ये आणि भोवती गोल, अशी त्यांची पद्धत. त्यातला अर्धा गोल समुद्रात जातो, हे माझ्यासारख्या गणिताच्या शिक्षिकेला आधी सुचायला हवं होतं. उरलेल्या अर्ध्यातून पहिल्या दिवशी माझी अक्कलदाढ काढणारे डॉक्टर आले. मग पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे पोहे खाऊन गेलेला आणि मावशीकरवी नकार कळवलेला गृहस्थ आला. त्याला आता म्हणे ‘प्रामाणिक संवाद’ आवडतो. एक बोटीवरचा होता, त्याचं अंतर सकाळी चाळीस आणि दुपारी नव्वद. सगळ्यांना डावीकडे सारताना मला मजाच वाटायची, खोटं कशाला बोलू.

मग एका शनिवारी जवळच्याच पावस गावचा एकजण आला. कलमांची नर्सरी. फोटोत गॉगल नाही, डोंगर नाही, मागे नुसती हिरवी जाळी. लिहिलं होतं, ‘मला प्रवासाची आवड नाही. दिवस कामात जातो. संध्याकाळी कुणीतरी बोलायला असावं असं वाटतं.’ मी ते चार-पाच वेळा वाचलं. मला हा माणूस हवासा वाटला, आणि तसं वाटल्याबरोबर मी घाबरले. उद्या बघू म्हणून फोन ठेवून दिला.

रविवारी मी कोलंबी सोलत होते. दोन्ही हात बरबटलेले, आणि ओट्यावरचा फोन वाजला. ॲपची आठवण होती, बाराला दहा मिनिटं उरली होती. आई शेजारीच नारळ खवत होती. तिला म्हटलं, जरा ते उजवीकडे सार. आईने हात पुसले, चष्मा लावला, त्या माणसाकडे नीट पाहिलं आणि डावीकडे सारलं.

मी ओरडले, तशी तीच माझ्यावर उखडली. गावच्या देवळात गुरव देवाला पाकळ्या लावून कौल घेतो, तेव्हा देवाच्या उजव्या हाताची पाकळी पडली तर होकार. समोर उभ्या असलेल्याची ती डावी बाजू. हे तिला लहानपणापासून ठाऊक. “ज्याला विचारायचं त्याचा उजवा धरतात गो,” ती म्हणाली, “तुझा कशाला धरू?”

ॲपवर लिहून आलं, तुमच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे, ही व्यक्ती पुन्हा दिसणार नाही. मी मदतीच्या जागी सगळं सविस्तर लिहिलं. तिकडून उत्तर आलं, ठाम निर्णय ही चांगल्या नात्याची सुरुवात असते.

आई म्हणाली, पावस काय विलायतेत हाय, जा नि सांग. मी म्हटलं, बरं दिसत नाही. त्यानंतर तीन आठवडे मी रोज बाराला फोन उघडून तो चुकून तरी परत येतो का, ते पाहत होते. ज्या ॲपची मी स्टाफरूममध्ये टर उडवायचे, त्याच्या परवानगीची वाट बघत बसले होते. स्वतःची एवढी लाज मला क्वचितच वाटली असेल.

शेवटी एका रविवारी एसटीने पावसला त्याच्या नर्सरीत गेले. तो जाळीखाली कलमं बांधत होता, दोन बायका पिशव्यांत माती भरत होत्या. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं, कोलंबी, आई, कौल, सगळं. तो हसला नाही. त्याने ते ॲप कधीच काढून टाकलं होतं. माझा नकार त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता, आणि मी कोण हेही त्याला माहीत नव्हतं.

“मग आईंनी सारलं नसतं, तर तुम्ही काय म्हणणार होतात?” त्याने विचारलं.

माती भरणाऱ्या बायका थांबल्या. आता सारायला काही नव्हतं, आणि उद्या बारापर्यंतची मुदतही नव्हती. मला ते तोंडाने सांगावं लागलं.