ॲसिड, पाणी आणि सदतिसावा दिवस

गुडघ्यानं संप पुकारला, तोवर मी जवळजवळ तीस वर्षं जळगावच्या आसपास वावरांमध्ये ठिबकच्या नळ्या जोडत हिंडलो होतो. केळीच्या बागेत वाकायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं, हे डॉक्टरांनी बंद केलं. ठिबकच्या ज्या दुकानात मी कामाला होतो, त्याच्या मालकांनी मला तिथेच खुर्ची दिली. माणूस चांगला, खुर्चीला गादीसुद्धा लावून दिली. पण तिच्यावर बसलो की वाटायचं, आपणही आता कपाटावर पडलेल्या जुन्या मालातच जमा झालो. गिऱ्हाईक यायचं, नळी घ्यायचं आणि जायचं. मला कुणी काही विचारायचं नाही, आणि मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

मग ते सगळं मी घरी येऊन मुलीला ऐकवायचो. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. एक दिवस वही मिटून ती म्हणाली, "बाबा, ठिबकचं हे सगळं मला सांगून काय उपयोग? शंभर दिवस रोज एका मिनिटाचा व्हिडिओ करा. एकही दिवस चुकवायचा नाही. चुकवलात, तर महिनाभर माझ्यासमोर तक्रार करायची नाही." माझं तोंड बंद करायचा हा डाव आहे हे कळत होतं. तरी मी पैज घेतली.

पहिल्या दिवशी मी अकरा सेकंद बोललो आणि अडकलो. शेतकऱ्यांसमोर तास तास बडबडणारा मी, त्या फोनच्या इवल्याशा ठिपक्यासमोर शाळेत धडा विसरलेल्या पोरासारखा उभा राहिलो. पण दुसरा दिवस आला, तिसरा आला. गच्चीवर एक जुनं टेबल मांडलं, पाइपांचे तुकडे जमवले. कधी असोद्याला भावाच्या केळीत जाऊन, खुर्ची टाकून, बसल्या बसल्या करून दाखवायचो. रोज करायचंच आहे म्हटल्यावर 'आज जमेल का' हा प्रश्नच उरत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. लोक बघू लागले, प्रश्न विचारू लागले. मी पुन्हा कामाचा माणूस झालो आणि मला मनापासून आनंद झाला.

आनंदाबरोबर थोडा माजही आला, तेही सांगायला हवं. खिशात कंगवा आला. "पाणी सोडा" म्हणायचं सोडून मी "पाण्याचा प्रवाह सुरू करावा" म्हणू लागलो. आरशासमोर वाक्यं घोकायची आणि एका दमात म्हणायची. पुन्हा चित्रण करायचं नाही, असा माझा मीच नियम केला आणि तो चारचौघांत मिरवू लागलो.

सदतिसाव्या दिवशी विषय होता नळ्यांना ॲसिड देण्याचा. आपल्याकडच्या पाण्यात क्षार फार. नळ्यांच्या बारीक भोकांत त्यांचा पांढरा थर बसतो आणि पाणी अडतं. तो काढायला पाण्यात ॲसिड मिसळून नळ्यांतून सोडतात. यात एक गोष्ट जन्मभर लक्षात ठेवायची असते. बादलीत आधी पाणी घ्यायचं आणि मग त्यात हळूहळू ॲसिड सोडायचं. उलटं केलं, ॲसिडवर पाणी ओतलं, तर ते उसळून थेट तोंडावर येतं. कामाला लागलो त्या पहिल्याच वर्षी मी ते उलटं केलं होतं. डोळे वाचले, पण मनगटावर डाग अजून आहे.

सकाळी व्हिडिओ टाकला. संध्याकाळी चहा पिताना मी माझाच व्हिडिओ पाचव्यांदा कौतुकानं बघत होतो, तेव्हा कुठे मला ते ऐकू आलं. हात बरोबर करत होते, पाण्यात ॲसिड सोडत होते. तोंड मात्र छान ठसक्यात सांगत होतं, "प्रथम ॲसिड घ्यावे, त्यानंतर त्यात पाणी ओतावे." घोकलेल्या वाक्याच्या नादात मी उलटं बोललो होतो.

खाली एक प्रतिक्रिया होती. 'नरडाणा. पपईले उद्या सकायमा देस भाऊ.' म्हणजे नरडाण्याचा तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पपईच्या नळ्यांना ॲसिड देणार होता.

माझं एक मन सांगत होतं, व्हिडिओ पुसून टाक, कुणाला कळणार नाही. मुलगी म्हणाली, "पुसलात तर त्या माणसाचा एवढा धागाही जाईल." मी त्याला उत्तर लिहिलं, व्हिडिओवर मोठ्या अक्षरांत दुरुस्ती टाकली. उत्तर आलं नाही. कॅमेऱ्यासमोर येऊन "मी चुकलो" म्हणायला मात्र जीभ रेटेना. त्या माणसाच्या खात्याला नाव धड नव्हतं, नंबर नव्हता. फोटोत फक्त पाण्याचं एक टाकं होतं आणि टाक्यावर रंगवलेला पांढरा मोर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं नरडाण्याला निघालो. अमळनेर गेलं तरी माझा हात मनगटावरच्या डागावरून फिरत होता. आजवर कुणाच्या वावराचं मी नुकसान केलं नव्हतं. आता वावर सोडा, कुणाचे डोळे जातील ही भीती होती.

स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं मोराचा फोटो ओळखला आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. घरी त्या माणसाची सून दारात धान्य निवडत होती. म्हणाली, "आबा वावरमा शेतस. सकायपासून ॲसिडना कॅन लिसन गयात." गुडघ्याचं दुखणं विसरून मी वावराच्या दिशेनं चालत सुटलो. ती मागून येत होती.

मोराच्या टाक्याशी एक म्हातारे गृहस्थ शांतपणे हात धूत होते. मी लांबूनच त्यांचा चेहरा बघितला. चेहरा धड होता, डोळे धड होते. शेजारी बादली पालथी घातलेली होती आणि पपईच्या ओळींतून नळ्या ठिबकत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन एका दमात सगळं बोललो. मी तोच व्हिडिओवाला, काल उलटं सांगितलं, माझी फार मोठी चूक झाली, तुम्ही काही करून तर बसला नाहीत ना. बोलता बोलता मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग सुनेनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "आबा, हाऊ नळ्यावाला भाऊ शे. म्हनस, काल उलटं बोलनू."

आबा हसले. "मले ऐकू येत नही भाऊ," ते म्हणाले. "बाकीना बठ्ठा नुसता बोलतस. तुमना हात काम करतस. मी रोज तुमना हात देखस. पानीमा ॲसिड टाकं, बठ्ठं बराबर व्हयनं." सगळं बरोबर झालं होतं.

कंगवा, आरसा, घोकलेली वाक्यं, यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलं नव्हतं. क्षणभर मी खट्टू झालो, खोटं कशाला बोलू. मग इतकं हलकं वाटलं की मी तिथेच टाक्याच्या कडेवर बसलो. सुनेनं पाणी आणून दिलं.

अडतिसाव्या दिवसाचा व्हिडिओ आम्ही तिथेच केला. आबांनी नवी बादली भरून घेतली आणि पाण्यात ॲसिड सोडून दाखवलं. त्यांच्या शेजारी उभा राहून मी साध्या भाषेत सांगितलं, की काल मी चुकीचं बोललो, ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी ते विसरा, आणि ज्यांना व्हिडिओ पाठवला असेल त्यांना हाही पाठवा. मनगटावरचा डाग कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवला. माझ्या सगळ्या व्हिडिओंत तो सर्वांत जास्त लोकांनी पाहिला. चूक कबूल केली की लोक तोंड फिरवतील अशी माझी समजूत होती. उलट ते आपापले डाग दाखवू लागले. कुणाची बोटं, कुणाचे दंड. एकानं तर पायाचा अंगठा पाठवला.

त्यानंतर मी बोलणं सोडलं, असं नाही. ते माझ्या हातात नाही. पण व्हिडिओ टाकण्याआधी मी तो एकदा आवाज बंद करून बघतो आणि एकदा डोळे मिटून ऐकतो. दोन्ही वेळा जमलं, तरच पुढे. एका दमात करायचा नियम मोडला आणि काही बिघडलं नाही.

शंभराव्या दिवशी मुलीला वाटलं होतं की मी मोठं भाषण ठोकणार. मी गच्चीवरच्या टेबलाशी बसलो, फुटलेली एक नळी घेतली, कापली, जोडली, पाणी सोडून दाखवलं आणि हात पुसले. मिनिटभर एक शब्द बोललो नाही. आयुष्यात एवढा वेळ मी जागेपणी गप्प बसलो नसेन.

संध्याकाळी पहिली प्रतिक्रिया मोराचा फोटो असलेल्या खात्यावरून आली. सुनेकडून लिहून घेतली असणार.

'आज बठ्ठं ऐकू उनं भाऊ.'