आत्याचे डोळे

माझी आत्या गाझियाबादला आमच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती आणि तिला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. आमच्या सोसायटीतल्या साऱ्या इमारती एकसारख्या. भाजी घेऊन परतताना शेजारणीच्या बाल्कनीतल्या लाल सतरंजीवरून ती आमची इमारत ओळखायची. एके दिवशी शेजारणीने सतरंजी आत घेतली आणि आत्या भर दुपारी भलत्याच घराची बेल वाजवत उभी राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, "ते काही नाही. मला अक्षरं शिकव."

ऑफिसातून आले की मी तिला घेऊन बसायची. 'प' ती कायम उलटा काढायची, पोट दुसऱ्या बाजूला. चूक दाखवली तर तिने हातातला चहाचा कप फिरवला.

"कान इकडे केला तरी कप, तिकडे केला तरी कपच ना? मग अक्षराचंच काय बिघडतं?"

मी पुन्हा एकदा सुलटा 'प' काढून दाखवला. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की वस्तू कुठल्याही बाजूने ओळखायची मेंदूची मूळची सवय, वाचायला शिकताना अक्षरांपुरती त्याला मोडावी लागते. आत्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

त्याच दिवसांत एकदा मी तिला विचारलं, "कमळातला 'क' काढला तर काय उरतं?"

"फूल आहे ते. त्याचा 'क' कुठून काढू?"

बरेच दिवस हे तिच्या डोक्यात शिरेना. आणि एकदा कणीक तिंबता तिंबता ती ओरडलीच, "मळ! अगं, 'मळ' उरतं!" पिठाच्या हातांनीच तिने माझे गाल धरले.

हिवाळ्यात आम्ही दोघी बसने दिल्लीला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या वसाहतींचे, फ्रिजचे, रंगीत टीव्हीचे मोठमोठे फलक लागले होते. आत्या खिडकीशी बसून मोठ्याने वाचत होती, "ठं-डा पा-नी... प्लॉ-ट बि-का-ऊ..." लोक वळून बघायला लागले.

"आत्या, हळू."

"अगं, मी कुठे वाचतेय? आपोआप वाचलं जातंय. पाटी दिसली की डोळे ऐकतच नाहीत. तुलाही असं होतं?"

समोरच्या दुकानाची पाटी मी न वाचता नुसती बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. लहानपणापासून वाचत आले होते, पण यात काही नवल आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"होतं," मी म्हटलं.

"अच्छा!" ती खूश होऊन म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

पुढे घरात पेपर आला की तो आधी आत्याच्या हाती जायचा. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, बोट ठेवून, ओठ हलवत. आम्ही बाकीचे चहा पीत थांबायचो.