पाळण्याआधीचं नाव

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासात ते न वापरलेलं दुपटं दिसतं. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट, आम्ही वाशीत नवे होतो. जर्मन वहिनीला तिकडे मुलगी झाली आणि भावाचा शेजाऱ्यांकडे फोन आला, "ताई, नावाशिवाय बाळाचा पासपोर्ट निघत नाही. तू नाव कळव, लगेच येतो." मी फणकारले, "फोनवर कसलं बारसं? नाव ठेवायचा मान आत्याचा. आधी बाळाला पाळण्यात आण." भाऊ बिचारा माझ्या मानासाठी थांबून राहिला. आजारी बाबा रिकाम्या पाळण्याला झोके देत म्हणायचे, "निदान माझ्या कानात तरी सांग गं." मी हसून नाही म्हणायचे. ते गेले, त्याच दिवशी मी तारेने नाव कळवलं. अजूनही बाबांच्या फोटोसमोर मी तिचं नाव घेतलं की भाची विचारते, "आत्या, मी इथेच आहे, एवढ्या मोठ्यानं का हाक मारतेस?"