मापाची फाइल
त्या दुपारी घरी आम्ही तिघंच होतो, मी, माही सून न माहा देर. कोणी मापाचा ब्लाउज घेऊन माह्याकडे शिवाले टाकाले आलं का मले ते दुपार आठवते. नवरा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्टीवर राबून राबून गेला. जिता होता तवा एकदा टीव्हीवर मजुरायच्या कार्यक्रमात बोलला होता. त्या वक्ती आम्ही गोल बाजारात होतो, सून कम्प्युटरवर त्या कार्यक्रमाची रेकॉर्डिंग लावून आली होती. पण मधातच लाइट गेली न फाइल काही उघडेच ना. त्या दुपारी देर म्हणे, "पुसून टाक ना वहिनी, कचरा हाय." सून म्हणे, "रुकिए काकाजी! माँजी, इसी कम्प्यूटर की कोई अच्छी रिकॉर्डिंग बताइए, उसका नाप लेके इसको जोड़ूँगी." मी भजनाची सांगितली. जल्मभर मापावरून ब्लाउज शिवले, पण फाइलीलेबी माप लागते हे मले काय ठाव! चहा गार झाला न पडद्यावर नवरा आला. गमछ्यानं घाम पुसून म्हणे, "मेरा घर तो घरवाली की सिलाई मशीन से चलता है." मले हे तो कधी बोलला नव्हता. मी पडद्याले हात लावला, गरम होता. बाप्पा, तुमची फाइल बिघडली त पुसू नका, आधी त्याच कम्प्युटरच्या चांगल्या फाइलीचं माप लावून पाहा.