लंडनची नसलेली मार्लीझ

मार्लीझ मला आवडत नव्हती आणि मी तिला आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गळ्यात गळा घालायची वाट बघत बसायला नको.

दक्षिण कोरियातल्या सुनचॉनच्या बसस्थानकामागे, औषधाच्या दुकानाच्या वर, कुम-रानचा इंग्रजीचा क्लास होता. सरकारी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि तिथे आयांना तोंड द्यायच्या खुर्चीत जाऊन बसले. माझं इंग्रजी व्याकरणात चोख, उच्चारात भयंकर. त्यामुळे वर्गात उभा करायला गोरा चेहरा लागायचा. चार वर्षं तो चेहरा मार्लीझचा होता.

दक्षिण आफ्रिकेतल्या कुठल्याशा कोरड्या गावची. एक्केचाळीस वर्षांची, उंच, एकटी. गच्चीवरच्या खोलीत राहायची, आमचं किमचीचं लोणचं पावावर घालून खायची, आणि एक मिनिट उशिरा आलेल्या पोराला दाराबाहेर उभं करायची. पोरं तिला टरकून असायची, शिकायची मात्र. मला ती 'मिसेस मिन' म्हणायची. मिन हे माझ्या बापाचं आडनाव. आमच्याकडे लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, त्यामुळे मिसेस मिन म्हटलं की मी माझ्या बापाची बायको होते. हे तिला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावायला मी काही तिची शिक्षिका नव्हते.

ती यायच्या आधी, नवी शिक्षिका कुठली ते सांगणारा क्लासचा फलक मीच लिहिला होता. कुम-रान म्हणाली, "ताई, दक्षिण आफ्रिका लिहिलं तर आया विचारतील, तिथे सिंह असतात ना? लंडन लिहा." मी लंडन लिहिलं. वर्षभरात मार्लीझला आमची लिपी वाचता यायला लागली. एकदा तिने त्या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला. फोन वाजत नव्हता.

चौथ्या वर्षीच्या फेब्रुवारीत दा-ओन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने वहीत लिहिलं, 'अवर मदर मेक्स गुड सूप.' आमच्या भाषेत 'माझी आई' असं कुणी म्हणत नाही. एकुलती एक मुलगीसुद्धा 'आमची आई'च म्हणते. त्यामुळे ही चूक आमचं प्रत्येक पोर करतं. मी एकतीस वर्षं हेच खोडत आले. मार्लीझने लाल शाईने 'अवर' खोडून 'माय' लिहिलं आणि तिचा नेहमीचा विनोद केला, "ती माझीपण आई आहे का? मग आज मी जेवायला येते." वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी दा-ओनची आई मि-सुक वही घेऊन माझ्यासमोर उभी.

"लंडनच्या बाई कुठायत?"

"वर्गात. बसा."

"बसायला नाही आले. मी तिची सावत्र आई आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला? दोन वर्षं पोरगी मला काकू म्हणायची. यंदा सणाला, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदा 'आमची आई' म्हणाली. आणि काल घरी येऊन विचारते, इंग्रजीत 'माझी आई' म्हणायचं असतं, पण माझी आई तर बुसानला राहते. मग तुम्हाला इंग्रजीत काय म्हणू?"

मी तिच्या हातातून वही घेऊन ते पान उघडलं.

"तिला सांगा, 'अवर' बरोबर आहे असं लिहून द्या. त्याच लाल शाईने."

मार्लीझला बोलावलं. मी सगळं इंग्रजीत सांगितलं, खरं तर मि-सुकचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकून तिला आधीच कळलं होतं.

"आई सावत्र आहे हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मुलीशी मी बोलेन. पण चुकीला बरोबर म्हणून लिहून देणार नाही. उद्या परीक्षेत ती तेच लिहील."

"एका शब्दाचा प्रश्न आहे. लिही आणि मोकळी हो."

"मिसेस मिन, तुम्ही लिहिलं असतं?"

नसतं लिहिलं. पण हे तिला सांगायची मला गरज वाटली नाही.

"काय म्हणतायत त्या?" मि-सुकने विचारलं.

"नाही म्हणतायत," मी सांगितलं. माझ्या तोंडात साखर नाही.

मग आयांचे फोन सुरू झाले. खालच्या औषधवाल्याने तेल ओतलं. मार्लीझ जिन्यात तिच्या आईशी फोनवर बोलायची, ते त्याने ऐकलं होतं. ते इंग्रजी नव्हतंच म्हणे, घसा खाकरल्यासारखं काहीतरी होतं. आफ्रिकान्स होतं ते. तिच्या घरची भाषा. एका आईने मला फोनवर विचारलं, "लंडनला असं खाकरतात का हो?" त्या आठवड्यात सात पोरं गेली.

कुम-रानने मार्लीझला बोलावून, त्याच फलकाखाली उभं राहून सांगितलं, "तू आम्हाला फसवलंस."

"लंडन मी लिहिलेलं नाही."

"उद्यापासून येऊ नकोस."

एवढ्यावर भागलं असतं, कारण एक मार्चपासून जवळच्या योसू शहरातल्या एका शाळेने तिला घेतलंच होतं. पण परदेशी शिक्षकाला देश न सोडता नोकरी बदलायची, तर आधीच्या मालकाचा 'जाऊ देतो' असा कागद लागायचा, शिक्क्यासकट. तो नसला की बिऱ्हाड उचलून मायदेशी जा आणि पहिल्यापासून अर्ज कर. त्यात महिने जातात, शाळा थांबत नाही. तिकडे तिच्या भावाने घर विकून आईला आपल्याकडे नेलं होतं. मार्लीझला परतायला गाव होतं, राहायला जागा नव्हती. कुम-रानला हे सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "शिक्का मिळणार नाही. जाऊ दे तिला सिंहांकडे."

शनिवारी मार्लीझने माझ्या टेबलावर कागद ठेवला. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात विनंती नाही.

"यावर शिक्का आणून द्या."

"मी का म्हणून?"

"फलकावरचं अक्षर तुमचं आहे."

असं तोंडावर बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी स्वतः तशी आहे हा भाग वेगळा. कागद घेऊन आत गेले. कुम-रान संत्रं सोलत होती.

"शिक्का मार."

"ताई, तुम्ही यात पडू नका."

"चार वर्षांपूर्वीच पडलेय. शिक्का मार, नाहीतर सोमवारी एकेका आईला फोन करून सांगते की लंडन तू सांगितलंस."

"लिहिलंत तुम्ही."

"हो, मी लिहिलं. तेही सांगेन. माझ्या पासष्ट वर्षांच्या तोंडाला काळं लागलं तर लागलं. तुला अजून वीस वर्षं क्लास चालवायचाय."

"या बाईसाठी? तुम्हाला तर ती डोळ्यांसमोर नको असते."

"अजूनही नकोच आहे. म्हणून तर म्हणते, योसूला जाऊ दे."

तिने शिक्का इतक्या जोरात मारला की संत्र्याची सालं टेबलाखाली गेली.

"उद्यापासून तुम्हीही येऊ नका, ताई."

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारपासून."

मार्लीझ जिन्यात उभी होती. कागद तिने पोरांची वही तपासावी तसा तपासला. नाव, तारीख, शिक्का. चूक सापडली नाही, बहुतेक त्याचंच तिला वाईट वाटलं. "थँक यू, मिसेस मिन," म्हणाली आणि खाली गेली. माझी नोकरी गेली हे मी सांगितलं नाही. सांगून ती काय करणार होती?

महिन्याभराने बाजारात मि-सुक भेटली. मार्लीझ जाण्याआधी दा-ओनच्या शाळेच्या फाटकावर जाऊन उभी राहिली होती म्हणे. आपल्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये पोरीला म्हणाली, "तुझा डावा बूट 'माझा', उजवाही 'माझा'च ना? 'माझी' म्हटलं म्हणून एकच असायला हवी असं नाही."

"आता पोरगी वहीत मला 'माय मदर' लिहिते," मि-सुक म्हणाली. "ते ठीक आहे. पण बूट? मला बुटाच्या पंक्तीला बसवायचं म्हणजे काय?" ती अजूनही धुमसत होती. माझ्याकडून तिने मुळ्याचा भाव विचारून घेतला आणि निघून गेली.

मे महिन्यात योसूहून एक कार्ड आलं. पाकिटावर 'मिसेस मिन'. आत एकच ओळ, 'अवर स्कूल इज बाय द सी.' शाळेला 'अवर' म्हणता येतं, इंग्रजीतही. त्यामुळे तिला काय म्हणायचं होतं, नुसतं व्याकरण की आणखी काही, ते ठरवता येत नाही. मी हातात लाल पेन घेऊन ती ओळ दोनदा वाचली. खोडण्यासारखं काही नव्हतं.